वेगळी पंगत

दिवाळीचा फराळ पुढ्यात असताना जाडीविषयी कोणी बोलू नये, हा साधा शिष्टाचार आहे. तरी आपल्याकडे तो नेमका याच दिवसांत मोडला जातो. भाऊबीजेसाठी माहेरी आलेल्या लेकीचे पाऊल उंबऱ्याच्या आत पडते न पडते तोच कोणी मावशी किंवा आत्या म्हणते, ‘अगोबाई, केवढी सुटलीस गं!’ आणि त्याच हाताने लाडवांची बशी तिच्यापुढे सरकवते. म्हणणाऱ्या बाईच्या मनात काही वाईट नसते. ऐकणारीही हसते. तिच्या हातातली करंजी मात्र अर्धीच राहते. मी स्वतः अंगाने चांगली भरलेली असल्यामुळे या अर्ध्या करंजीशी माझा जुना परिचय आहे. तेव्हा आजचा विषय तटस्थपणे मांडण्याचा आव मी आणणार नाही.

विषय असा : चित्रपटांत, मालिकांत आणि पोशाखांच्या दुनियेत स्थूल स्त्रीचे अलीकडे फार कौतुक चालले आहे. ते कौतुक कितपत खरे? मी काही पंडित समीक्षक नव्हे. माझे शिक्षण बेताचे, चार कादंबऱ्या नावावर आहेत आणि बाकी आयुष्य फळ्यासमोर गेले. पण या बाबतीत मला एका मुलीने एक प्रश्न विचारला होता आणि त्याचे उत्तर मी अजून दिलेले नाही. ते देण्याचा हा प्रयत्न समजावा.

दहाबारा वर्षांपूर्वीची गोष्ट. शाळेच्या स्नेहसंमेलनात मी एक पौराणिक प्रवेश बसवीत होते. आठवीच्या वर्गात एक मुलगी होती. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ, पाठांतर तर असे की सगळ्यांचीच भाषणे तिला येत. अंगाने ती थोराड होती. मी तिला हिडिंबेचे काम दिले. मला वाटले, मी तिच्यावर मेहेरबानीच करते आहे. संमेलनाच्या रात्री पडदा वर गेला, ती विंगेतून दोन पावले पुढे आली, आणि सारे पटांगण हसू लागले. पालक हसले, शिक्षक हसले. विंगेत उभी राहून मीही हसले. प्रवेश ‘जोरात’ झाला. नंतर रंगाच्या खोलीत तोंडावरचा काळा रंग पुसता पुसता ती मला म्हणाली, ‘बाई, मी अजून एक शब्दही बोलले नव्हते. मग सगळे कशाला हसले?’

मी काहीतरी थातुरमातुर बोलले. पण त्या दिवसापासून कोणताही चित्रपट पाहताना माझ्या हाती तिचा तो प्रश्न असतो. पडद्यावर स्थूल स्त्री आली की मी बघते : हसू तिच्या बोलण्याला येते आहे, की ती बोलण्याच्या आधीच?

या विषयावर बोलू लागले की कोणीतरी हमखास सांगते, ‘हे बारीक होण्याचे वेड पश्चिमेकडून आले, आपल्याकडे पूर्वी भरलेल्या अंगाचेच कौतुक होते.’ यात थोडे तथ्य आहे. अजिंठ्याच्या भिंतींवरच्या आणि जुन्या देवळांच्या खांबांवरच्या स्त्रिया काही काटकुळ्या नाहीत. पण त्या नीट न्याहाळून पाहाव्यात. वर आणि खाली शरीर भरघोस असले, तरी मधली कंबर मात्र मुठीत मावेल इतकीच. संस्कृत कवींनीही नायिकेला सिंहाची कटी दिल्याशिवाय तिच्यावर श्लोक केला नाही. म्हणजे मेदाचे कौतुक होते ते कवीने नेमून दिलेल्या जागी तो राहिला तर! पोटावर वळी असलेली, दंडाला बांगडी रुतलेली, जिना चढताना धाप लागणारी आपली ओळखीची बाई तेव्हाही काव्याबाहेरच होती. त्यामुळे परंपरेचा दाखला या बाबतीत फार जपून द्यावा लागतो.

एक दाखला मात्र आपल्या मराठी रंगभूमीनेच देऊन ठेवला आहे आणि त्याची पुरेशी दखल घेतली जात नाही, असे मला वाटते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्राने ज्या ‘नायिके’वर सर्वांत अधिक जीव लावला, ती बाई नव्हतीच, ते होते नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व. १९०५ साली ते किर्लोस्कर मंडळीत शकुंतला होऊन उभे राहिले, १९११ साली ‘मानापमाना’त भामिनी झाले, आणि घराघरांतल्या स्त्रिया त्यांच्यासारखे लुगडे नेसू लागल्या, त्यांच्यासारखा अंबाडा घालून त्यांच्यासारखी फुले माळू लागल्या. आज ज्याला ‘फॅशन’ म्हणतात ती तेव्हा गंधर्वांच्या रंगमंचावरून निघे आणि माजघरात पोचे. पुढे वय वाढले, देह सुटला. तरीही सिंधू म्हणून ते समोर आले की लोक सिंधूच पाहत. घेर कोणी मोजत नसे. लोकांच्या डोळ्यांना दिसत नव्हते असे नाही. पण स्वर, चालणे, मान वळवणे यांतून एक स्त्री समोर उभी राही, आणि नाटक त्या स्त्रीला नायिका म्हणूनच वागवी. नाटकाने ज्याला मखरात बसवले त्याला प्रेक्षकांनी हात जोडले.

यातली मेख वाचकांच्या ध्यानात आली असेलच. स्थूल पुरुषाला आपण नायिका म्हणून डोक्यावर घेतले. स्थूल स्त्रीला मात्र तो मान दिला नाही.

तिच्या वाट्याला काय आले, ते पाहण्यासाठी मुंबईच्या हिंदी चित्रसृष्टीकडे वळू. उमादेवी खत्री नावाची एक मुलगी. लहानपणीच आईबापांना पारखी झालेली, उत्तर प्रदेशातून गाण्याच्या ओढीने एकटी मुंबईला आलेली. संगीतकार नौशाद यांनी तिचा आवाज ऐकला, आणि १९४७ सालच्या ‘दर्द’ या चित्रपटातल्या तिच्या गाण्याने सारा देश वेडा झाला. ते गाणे आजही जुन्या माणसांच्या ओठांवर आहे. त्या आवाजात एक कोवळी हुरहूर आहे. ज्याने तिला पाहिलेले नाही, त्याच्या डोळ्यांपुढे नायिकाच उभी राहावी. परंतु गाण्याची दुनिया झपाट्याने बदलली आणि उमादेवी मागे पडली. मग १९५० साली ‘बाबुल’मध्ये तिला विनोदी काम मिळाले आणि तिचे बारसे पुन्हा झाले : टुणटुण. ‘आर-पार’, ‘मिस्टर अँड मिसेस ५५’, ‘प्यासा’ अशा गुरुदत्तांच्या चित्रपटांतून आणि पुढे कित्येक वर्षे ती आपल्याला हसवीत राहिली. २००३ साली ती वारली.

टुणटुणच्या कामाला मी कमी लेखत नाही. तिचे वेळेचे भान, डोळे वटारण्याची तऱ्हा, लाजण्याचा तो नाट्यपूर्ण आविर्भाव, हे सारे अस्सल नटीचे होते. हसवणे ही हलकी विद्या नव्हे. पण पाहा : जोवर ती दिसत नव्हती तोवर लोक तिच्या आवाजावर व्याकूळ होत होते, आणि दिसू लागल्यावर तिने तोंड उघडण्याआधीच हसू लागले. बाई तीच होती. तिचे नाव तर आपण वर्गावर्गांतून शिवीसारखे वापरले. माझ्या शाळेच्या दिवसांत वर्गातल्या जाड मुलीला दुसरे नावच नसे. जिच्या नावाने दुसऱ्या मुलींना रडवले जाते, ती ‘लोकप्रिय’ होती असे म्हणताना जीभ थोडी अडखळायला हवी.

तो काळ मागे पडला, असे कोणी म्हणेल. २०१९ सालच्या ‘कबीर सिंग’ या चित्रपटात घरकाम करणाऱ्या एका स्थूल बाईच्या हातून पेला फुटतो आणि नायक तिच्या मागे धावत सुटतो. चित्रपटगृहात हशा पिकतो तो तिच्या जिवाच्या आकांताने धावण्याला. ते काम केले होते आपल्या वनिता खरात यांनी. हाच बाईमाणूस ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ या दूरचित्रवाणीवरच्या कार्यक्रमात उभा राहिला की चित्र पालटते. तिथे शब्द तिचे असतात, टोला तिचा असतो. विशाखा सुभेदार यांचेही तेच. समीर चौघुले यांच्याबरोबरचे त्यांचे प्रवेश ज्यांनी पाहिले असतील, त्यांना ठाऊक आहे की एका विरामावर, एका भुवईवर या बाई सगळे सभागृह तोलून धरतात. तिथेही जाडीवरचे विनोद होतातच, आणि त्यांतले काही मला रुचत नाहीत. पण हसू बोलण्याला येते, आणि लोकांना केव्हा हसवायचे हे ती ठरवते. माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर इथे आहे. २०२१ सालच्या आरंभी वनिता खरात यांनी विवस्त्र, हातातल्या पतंगाच्या आडोशाने काढलेले आपले छायाचित्र लोकांपुढे ठेवले, तेव्हा अनेकांनी नाके मुरडली. मी जुन्या वळणाची. मला तो मार्ग माझ्यासाठी सुचणार नाही. पण त्या चेहऱ्यावर शरमेचा लवलेश नव्हता, आणि ते पाहताना मला पटांगणातला तो हशा आठवला. लाज कोणी बाळगायची, हा प्रश्न त्या छायाचित्राने आपल्याला परत केला.

आता विनोद सोडून नायिकेकडे येऊ. या बाबतीत २०१५ सालचा ‘दम लगा के हैशा’ हा शरत कटारिया यांचा हिंदी चित्रपट महत्त्वाचा आहे. काळ १९९५ चा, स्थळ हरिद्वार. प्रेम नावाचा ध्वनिफितींच्या दुकानात बसणारा, दहावीची पायरी न ओलांडलेला तरुण. आणि त्याच्या गळ्यात घरच्यांनी घातलेली संध्या, स्थूल, पण बी.एड. झालेली, शिक्षिका होऊ पाहणारी. भूमी पेडणेकर यांचे हे पहिलेच काम. हा चित्रपट मला आवडला, आणि तो आवडण्याचे कारण संध्येचा ताठ कणा. ती दीनवाणी होऊन नवऱ्याच्या प्रेमाची वाट पाहत बसत नाही. मित्राच्या लग्नात तो तिचा चारचौघांत पाणउतारा करतो, तेव्हा ती त्याच्या थोबाडीत मारते आणि घर सोडते. तिची विद्या, तिचा राग, तिची इच्छा या तिन्हींना चित्रपट मान देतो. पहिल्या क्षणापासून ती बोलते, आणि आपण ऐकतो. उत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला, तो योग्यच होता.

तरीही दोन गोष्टी सलतात. शेवटी बायकोला पाठीवर घेऊन धावण्याची शर्यत आहे. प्रेम तिला उचलतो, धापा टाकतो, जिंकतो. दृश्य मोठे हृद्य आहे. पण मोठा झाला कोण? तो. तिचे वजन त्याच्या पुरुषार्थाची परीक्षा ठरले. तिची स्वतःची शर्यत कोणती होती, ते आपल्याला पुरते कळत नाही. दुसरी गोष्ट पडद्याबाहेरची. या कामासाठी भूमीबाईंनी वजन वाढवले होते. चित्रपटानंतर ते उतरवले, आणि उतरवलेल्या वजनाचे कौतुक वर्तमानपत्रांनी वाढवलेल्या वजनापेक्षा अधिक केले. त्यात नटीचा काही दोष नाही. भूमिकेसाठी देह झिजवणे वा वाढवणे हा तिच्या कलेचा भाग. पण जाडी हा जर दाढीमिशांसारखा लावून काढून ठेवण्याचा वेष असेल, तर ज्यांना तो रात्री काढून ठेवता येत नाही अशा नट्यांचे काय?

मराठीत २०१६ साली सचिन कुंडलकर यांचा ‘वजनदार’ आला. सई ताम्हणकर आणि प्रिया बापट या दोघींनी त्यात वजन उतरवण्यासाठी जिवाचा आटापिटा करणाऱ्या मैत्रिणी रंगवल्या. त्यांनीही भूमिकेसाठी वजन वाढवले होते. चित्रपट प्रसन्न आहे. दोन बायकांची मैत्री त्यात आहे, आणि ही मैत्री आपल्या चित्रपटांत जाडीपेक्षाही दुर्मिळ! पण वजन हेच कथेचे मध्यवर्ती सूत्र असल्यामुळे प्रेक्षकाचा एक डोळा शेवटपर्यंत काट्यावरच राहतो. २०२२ चा हिंदी ‘डबल एक्सएल’ तर याहून पुढे गेला. हुमा कुरेशी आणि सोनाक्षी सिन्हा या दोन चांगल्या नट्या, एकीला क्रीडावृत्त निवेदिका व्हायचे आहे, दुसरीला पोशाखांची रचनाकार. हेतू शुद्ध, पण संवाद असे की प्रत्येक वाक्य वर्गातल्या फळ्यावर ‘आजचा सुविचार’ म्हणून लिहून काढावे. मी तेवीस वर्षे फळ्यावर सुविचार लिहिते आहे. ते वाचून कोणाचे मन पालटल्याचे मला आठवत नाही.

मन पालटते ते सवयीने. म्हणून मला चित्रपटांपेक्षा दोन मराठी मालिका अधिक मोलाच्या वाटतात, मग त्यांच्या कथानकाची लांबण रसिकांना कितीही कंटाळवाणी वाटो. २०२० साली ‘सुंदरा मनामध्ये भरली’ सुरू झाली. पेशवाईतल्या शाहीर राम जोशी यांच्या लावणीतले शब्द तिने शीर्षकासाठी घेतले, आणि ते एका स्थूल मुलीला लावले, यातच एक मिस्कील धिटाई होती. जाडीमुळे लग्न न जमणारी लतिका अक्षया नाईक यांनी केली. २०२१ मध्ये ‘येऊ कशी तशी मी नांदायला’ आली, तिच्यात अन्विता फलटणकर यांची स्वीटू. या दोघी आपल्या स्वतःच्या देहानिशी आल्या होत्या. रोज संध्याकाळी, कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता, लाखो घरांनी एका स्थूल मुलीला रडताना, चिडताना, प्रेमात पडताना पाहिले. पहिल्या आठवड्यात माझ्या शेजारणी तिच्या दंडांविषयी बोलत. तिसऱ्या महिन्यात त्या तिच्या सासरच्या माणसांविषयी बोलू लागल्या. हे स्थित्यंतर मी माझ्या गॅलरीतून ऐकले आहे.

दोहोंत मला स्वीटू अधिक जवळची वाटते. लतिकेच्या कथेची गाठ तिच्या वजनातच बसलेली होती. स्वीटूच्या कथेची मुख्य गाठ होती गरिबी-श्रीमंतीची. तिच्या अंगावरून टोमणे आलेच, पण कथा त्यावर अडून राहिली नाही. ती कुणाची लेक, कुणाची मैत्रीण, कुणाची प्रेयसी होती, आणि जोडीला जाड होती, जशी एखादी सावळी असते, एखादी चष्मा लावते. कौतुकाची माझी कसोटी हीच आहे. ज्या कथेला नायिकेच्या वजनाचा काही काळ विसर पडू शकतो, त्या कथेने तिला खरे सामावून घेतले. जी कथा पानोपानी ‘पाहा, ही जाड आहे तरी आम्ही हिला नायिका केले’ असे बजावते, ती उपकार करते आहे.

पोशाखांच्या दुनियेतही हाच प्रकार दिसतो. आपल्या साडीला माप नसते. पाच-साडेपाच मीटर कापड. ते नवरीही नेसते, नवरीची आजीही. नऊवारीचे तर विचारायलाच नको. दुकानदार गादीवर बसून पदर उलगडतो तेव्हा गिऱ्हाइकाची कंबर विचारत नाही. माप सुरू होते ते पोलक्यापाशी, आणि तिथेही टेलरमास्तर आपल्या टेपने आपलेच माप घेतो. पण शिवून तयार कपडे आले, आणि एस, एम, एल या अक्षरांनी बायकांच्या इयत्ता पाडल्या. हे आकडे आले कुठून? अमेरिकेच्या कृषिखात्याने १९३९-४० च्या सुमारास सुमारे १५,००० स्त्रियांची मापे घेतली, त्यांवरून तिथली प्रमाणे ठरवण्याची खटपट झाली. आपल्या देशात निफ्ट या संस्थेने २५,००० माणसांची मापे घेण्याचे काम जाहीर केले ते २०१८ साली. तोवर आपण परक्यांच्या हाडांवर बेतलेल्या आकड्यांत आपली अंगे कोंबत होतो, आणि अंग मावले नाही की दोष अंगाला देत होतो.

याच अमेरिकेत विसाव्या शतकाच्या प्रारंभी लेना ब्रायंट नावाची लिथुएनियातून आलेली एक तरुण विधवा होती. नवऱ्याने दिलेली हिऱ्यांची कर्णभूषणे गहाण टाकून तिने शिवणाचे यंत्र घेतले. आधी गरोदर बायकांसाठी आणि पुढे स्थूल बायकांसाठी ती तयार कपडे विकू लागली. ‘लेन ब्रायंट’ हे तिचे दुकान पुढे अफाट वाढले. तिने बायकांवर कविता केल्या नाहीत. त्यांना सन्मानाने अंगात घालता येईल असे कपडे दिले. या साध्या कामाचे मोल मला पुष्कळ व्याख्यानांहून अधिक वाटते.

आपल्याकडे २०१६ साली मुंबईच्या लॅक्मे फॅशन वीकमध्ये स्थूल मॉडेल्सचा खास कार्यक्रम झाला. मी त्याची छायाचित्रे पाहिली. मुली डौलात चालत होत्या, कपडे देखणे होते. पहिले पाऊल म्हणून त्याचे स्वागतच करावे. पण माझ्या मनात आली ती लग्नातली पंगत. पूर्वी काही माणसांना वेगळे बसवून वाढत. अन्न तेच, तूप तेच, आग्रहही तोच. फक्त पंगत वेगळी. वेगळ्या पंगतीत जेवलेल्या माणसाचे पोट भरते, पण ते जेवण त्याच्या स्मरणातून जात नाही. खास दिवस, खास विभाग, खास दुकान हे सारे त्या पंगतीचेच प्रकार आहेत. ज्या दिवशी त्याच ओळीत, त्याच पोशाखात एक सडपातळ, एक स्थूल, एक मध्यम अशा मुली चालतील आणि निवेदक त्यावर काहीच बोलणार नाही, त्या दिवशी पंगत एक झाली असे मी म्हणेन.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो घेणारी माणसे दुष्ट नसतात. ‘अहो, लठ्ठपणाने मधुमेह होतो, रक्तदाब होतो, गुडघे जातात. त्याचे कौतुक कसले करता?’ खरे आहे. माझेच गुडघे रोज मला ते सांगतात. अतिरिक्त वजनाचा आजारांशी संबंध आहे, आणि डॉक्टरांनी ते स्पष्ट सांगितलेच पाहिजे. पण डॉक्टर दार लावून, एकाला, त्याच्या भल्यासाठी सांगतो. चित्रपटगृहातला हशा कोणाचे वजन उतरवत नाही. उलट लाजेने माणूस चालायला बाहेर पडेनासा होतो, पोहायचे टाळतो, नाचायचे टाळतो. शिवाय आरोग्याची ही कळकळ दुसऱ्या टोकाला का जात नाही? उपाशी राहून वाळलेल्या मॉडेल्सची दशा पाहून फ्रान्सला कायदा करावा लागला. २०१७ पासून तिथे मॉडेलला प्रकृती ठीक असल्याचा डॉक्टरांचा दाखला लागतो. हाडे दिसेतो बारीक झालेल्या नायिकेला आपल्यापैकी कोणी ‘अगं, तब्येत सांभाळ’ म्हणून हसले आहे का?

तेव्हा विषय प्रकृतीचा नाही; नजरेचा आहे, आणि ती नजर माझीही आहे. हा लेख लिहिण्याआधी मी माझ्याच चार कादंबऱ्या पुन्हा चाळल्या. त्यांत नायिका चार, चौघी ‘शेलाट्या’. हा शब्द मी नऊ वेळा वापरला आहे. स्थूल बायका पाच : एक स्वयंपाकीण, दोन शेजारणी, एक विहीणबाई आणि एक प्रसूतिगृहातली दाई. पाचही जणी विनोदी. स्वतः जाड असूनही मला जाड नायिका सुचली नाही! चित्रपटवाल्यांना मी काय नावे ठेवू?

गेल्या डिसेंबरात स्नेहसंमेलनासाठी पुन्हा नाटक बसवायचे होते. या वेळी ऐतिहासिक, आणि मुख्य काम जिजाबाईंचे. नववीतल्या एका मुलीने ते वाचून दाखवले आणि माझ्या अंगावर काटा आला. मुलगी स्थूल होती. मी यादीत तिचे नाव लिहिले, आणि खोटे कशाला सांगू, लिहिताना हात क्षणभर थांबला. ड्रेपरीवाल्याकडून आलेले पोलके तिला होईना. तो म्हणाला, ‘बाई, पात्र बदला, माझ्याकडे एवढ्या मापाचं नाही.’ मी म्हटले, ‘पात्र राहील, पोलकं बदलू.’ शिवणाच्या बाईंनी दोन्ही बगलांत कळ्या घातल्या. लुगडे नऊवारी होते. त्याने काहीच तक्रार केली नाही.

पडदा वर गेला. मागच्या बाजूला, मुलांच्या घोळक्यात, थोडी खसखस पिकली. माझे काळीज लकाकले. मग ती बोलू लागली. पहिल्या प्रवेशाच्या शेवटी खसखस थांबली. दुसऱ्या प्रवेशात ती बाळ शिवबाला जवळ घेऊन बसली, तेव्हा पटांगणात एक लहान मूल रडत होते तेवढाच आवाज होता. घरी जाताना एक आजीबाई मला म्हणाल्या, ‘बाई, जिजाऊ कोणाची हो? आवाज काय आहे पोरीचा!’

त्या अंगाविषयी काही बोलल्या नाहीत. मी वाट पाहिली, तरी नाही. हिडिंबेचे काम केलेली ती माझी जुनी विद्यार्थिनी आज कुठे आहे, मला ठाऊक नाही. हा अंक तिच्या हाती पडलाच, तर तिला एवढेच सांगायचे आहे : बाळ, लोक हसले, कारण तू बोलण्याआधीच मी त्यांना तुझ्याविषयी सांगून ठेवले होते. चूक तुझ्या अंगाची नव्हती. पात्र निवडताना माझी झाली होती.